जिवंत लस, मृत लस

सहा आठवड्यांच्या बाळाला पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट लस टोचली, की ताप यायचा असेल तर तो बहुधा त्याच रात्री येतो. नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेला लसीचे तसे नाही. ती टोचल्यावर पहिले काही दिवस बाळ खुशाल असते. घरचे लोक लस विसरूनही जातात, आणि मग आठवडा-दीड आठवड्याने अंग तापते, एखाद्याच्या अंगावर बारीक पुरळ उठते. दोन तापांमधल्या या अंतरात लसींच्या दोन मोठ्या कुळांमधला फरक दिसतो. पेंटाव्हॅलंटमधले डांग्या खोकल्याचे जंतू मेलेले असतात. शरीरात जेवढे शिरले तेवढेच ते राहतात, आणि शरीराला जी प्रतिक्रिया द्यायची असते ती ते लगेच देते. गोवर-रुबेलाच्या लसीतले विषाणू जिवंत असतात. कुपीतून आलेल्या थोड्याशा विषाणूंना आधी शरीरात वाढावे लागते, आणि तापापूर्वीचे ते शांत दिवस म्हणजे त्यांच्या वाढीचे दिवस.

जिवंत लसीतला जंतू क्षीण केलेला असतो. तो शरीरात वाढू शकतो, पण मूळ रोग घडवण्याइतका जोर त्याच्यात उरलेला नसतो. मृत लसीतला जंतू आधी पूर्ण ताकदीने वाढवतात आणि मग उष्णतेने किंवा रसायनाने संपवतात. पुस्तकांत अशा लसीला ‘निष्क्रिय’ म्हणतात, आणि तो शब्द जास्त काटेकोर आहे, कारण पेशीबाहेर असताना विषाणू स्वतः ना खातो ना श्वास घेतो, तेव्हा त्याला मारले म्हणणे तसे सैलच. दवाखान्यात मात्र ‘लाइव्ह’ आणि ‘किल्ड’ हेच शब्द रुळले आहेत. बीसीजी, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, गोवर, रुबेला, गालगुंड, कांजिण्या आणि पीतज्वर यांच्या नेहमीच्या लसी जिवंत कुळातल्या. डांग्या खोकल्याची जुनी लस, पोलिओचे इंजेक्शन, माणसाला टोचायची रेबीजची लस आणि कोव्हॅक्सिन या मृत कुळातल्या. धनुर्वात, घटसर्प किंवा हिपॅटायटिस-बी यांच्या लसींत अख्खा जंतू नसतोच. पहिल्या दोघांत निर्विष केलेले जंतूचे विष असते, तर तिसऱ्यात विषाणूचे एकच प्रथिन. टोचताना पाळायच्या पथ्यांपुरते त्यांना मृत लसींच्या पंगतीत बसवले तर चालते.

जंतूला क्षीण कसे करतात, याचा पहिला धागा लुई पाश्चरला १८७९ मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना सापडला. प्रयोगशाळेत दीर्घकाळ तशीच पडून राहिलेली जंतूंची पैदास टोचली तेव्हा कोंबड्या किंचित आजारी पडून बऱ्या झाल्या, आणि नंतर ताज्या जहाल जंतूंनीही त्या मेल्या नाहीत. पुढच्या संशोधकांनी हीच गोष्ट मुद्दाम आणि चिकाटीने घडवली. त्या चिकाटीचा नमुना म्हणजे बीसीजी. आल्बेर काल्मेत आणि कामिय गेराँ या दोघांनी फ्रान्समधल्या लील शहरात १९०८ मध्ये गायीच्या क्षयाचा जंतू घेतला आणि बैलाच्या पित्तात व ग्लिसरिनमध्ये शिजवलेल्या बटाट्याच्या फोडींवर तो वाढवायला सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी जुन्या फोडीवरून नव्या फोडीवर. मधे पहिले महायुद्ध झाले, लील जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी हे काम सुटले नाही. तेरा वर्षांत २३० वेळा बदली झाल्यावर जंतू इतका निवला की जनावरांना त्याच्यापासून क्षय होईना. १९२१ मध्ये तो पहिल्यांदा एका तान्ह्या मुलाला देण्यात आला. नेमके काय बदलले होते हे त्या दोघांना ठाऊक नव्हते, ठाऊक असणे शक्यही नव्हते. जनुके वाचण्याचे तंत्र आल्यावर कळले की जंतूच्या जनुकांमधला एक मोक्याचा तुकडाच त्या प्रवासात गळून पडला होता. भारतात जन्मलेल्या बहुतेकांच्या डाव्या दंडावर जो छोटा गोल व्रण असतो, तो या जिवंत जंतूने तिथे काही आठवडे केलेल्या मुक्कामाची खूण आहे. मेलेल्या जंतूची लस असा व्रण ठेवत नाही.

विषाणूंच्या बाबतीत बटाट्याची जागा परक्या प्राण्याच्या पेशींनी घेतली. माणसाला सरावलेला विषाणू कोंबडीच्या गर्भात किंवा माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत पिढ्यानपिढ्या वाढवला, की तो त्या नव्या घराला सरावतो आणि माणसाच्या शरीरात गांगरल्यासारखा होतो. पीतज्वराची मॅक्स थायलरने १९३७ मध्ये तयार केलेली लस आणि गोवराची लस याच वाटेने आल्या. अलीकडे वाट थोडी वळली आहे. पुण्यात बनणाऱ्या रोटाव्हायरसच्या लसीत गायीच्या विषाणूच्या अंगावर मानवी विषाणूची प्रथिने चढवलेली असतात, म्हणजे सोंग माणसाच्या विषाणूचे आणि आतला स्वभाव गायीच्या विषाणूचा.

मृत लसींच्या इतिहासातले एक मोठे पान मुंबईत लिहिले गेले. १८९६ च्या शरदात शहरात प्लेग पसरला आणि ऑक्टोबरमध्ये जंतुशास्त्रज्ञ व्लादिमिर हाफकिन तिथे दाखल झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत त्याने मांसरसात प्लेगचे जंतू वाढवले. रसावर तो तुपाचे थेंब तरंगत ठेवी. त्या थेंबांना धरून जंतूंच्या लोंबत्या जटा खाली वाढत. मग भांडे हलवून त्या पाडायच्या आणि पुन्हा वाढू द्यायच्या. भरपूर पीक आले की सगळे तापवून मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक अॅसिड घालायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर तिची परीक्षा झाली. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये पुढे याच कामासाठी प्रयोगशाळा थाटली गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

जंतू मारणे मात्र दिसते तितके सोपे नाही, कारण तो मारायचा असतो पण त्याचा चेहरा बिघडू द्यायचा नसतो. शरीर जंतूला ओळखते ते त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या घडीवरून. अंड्यातला पांढरा बलक उकळल्यावर जसा घट्ट होतो आणि पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, तशी ही घडी अति उष्णतेने कायमची मोडते. अशा मोडक्या चेहऱ्यावर शरीराने घेतलेले शिक्षण खऱ्या जंतूपुढे उपयोगी पडत नाही. म्हणून विषाणूंसाठी सौम्य रसायने वापरतात. पोलिओसाठी फॉर्मलिन, रेबीजसाठी बीटा-प्रोपिओलॅक्टोन. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये वेगळा केलेला करोनाचा विषाणू घेऊन हैदराबादेत कोव्हॅक्सिन बनली, तीही बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रिय केलेली.

रसायनाने चेहरा बिघडला की काय होते, याचा धडा गोवराने दिला. अमेरिकेत १९६३ मध्ये गोवराच्या दोन लसी एकदमच बाजारात आल्या, एक जिवंत आणि एक फॉर्मलिनने मारलेली. मृत लस जास्त सुरक्षित असे लोकांना वाटणे साहजिक होते. पण तिचे संरक्षण लवकर ओसरले, आणि काही वर्षांनी अशा मुलांना गोवराची लागण झाली तेव्हा त्यांना नेहमीपेक्षा वेगळा आणि अधिक त्रासदायक आजार झाला. तीव्र ताप, हातापायांपासून सुरू होणारे पुरळ, न्यूमोनिया. या लसीने तयार केलेली प्रतिपिंडे विषाणूला नीट पकडू शकत नव्हती, नुसती चिकटून दाह वाढवत होती. १९६७ मध्ये ती लस मागे घेतली गेली. आज जगभर गोवराची लस जिवंतच दिली जाते.

दुसरा धडा उलट बाजूचा. जोनास साल्कची फॉर्मलिनने मारलेली पोलिओ लस १९५४ मध्ये सुमारे १८ लाख अमेरिकी मुलांच्या सहभागाने पारखली गेली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी ती यशस्वी असल्याचे जाहीर झाले. त्यानंतर काही दिवसांतच कॅलिफोर्नियातल्या कटर लॅबोरेटरीजच्या लसीने मुले लुळी पडू लागली. फॉर्मलिनमध्ये विषाणू सगळे एकदम मरत नाहीत. ठरावीक काळात ठरावीक हिश्शाने घटत जातात. साल्कने ही घट कागदावर सरळ रेषेसारखी मांडली होती आणि रेषा कुठे शून्याला टेकेल त्यावरून मुदत ठरवली होती. पण कारखान्यात पेशींच्या कचऱ्याच्या गुठळ्यांत अडकलेल्या विषाणूंपर्यंत फॉर्मलिन पोहोचलेच नाही. सुमारे ४०,००० मुलांना सौम्य पोलिओ झाला, सुमारे २०० जणांना कमीअधिक लुळेपणा आला आणि दहा जण दगावले. तेव्हापासून गाळणी आणि जिवंत विषाणू उरल्याची तपासणी इतकी कडक झाली की आजच्या मृत पोलिओ लसीने कुणाला पोलिओ होत नाही.

शरीरात गेल्यावर दोन्ही लसींचे वागणे वेगळे पडते. शेतीच्या भाषेत सांगायचे तर जिवंत लस हे बियाणे आहे आणि मृत लस हा मोजून दिलेला शिधा. जिवंत विषाणू पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेवर आपली प्रथिने बनवून घेतो. ती प्रथिने आतून बाहेर दाखवली जातात, त्यामुळे प्रतिपिंडांसोबत संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या टी पेशीही तयार होतात. शरीराला हा प्रकार खऱ्या आजारासारखाच वाटतो. धोक्याची घंटा वाजते, शिक्षण खोल जाते, आणि एक-दोन डोसांत ते अनेक दशके टिकते. मृत जंतू बाहेरून उचलला जातो, पचवला जातो. भर प्रामुख्याने प्रतिपिंडांवर राहतो आणि घंटा मंद वाजते. ती मोठी व्हावी म्हणून अशा अनेक लसींत अॅल्युमिनियमचे क्षार मिसळतात आणि थोड्या थोड्या अंतराने तीन-तीन डोस, वर बूस्टर देतात. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या फेऱ्यांनी पालक कंटाळतात, पण त्या फेऱ्यांचे मूळ इथे आहे.

बियाणे आणि शिधा यांच्या किमतीतही फरक पडतो. वाढण्याचे काम शरीरच करणार असल्याने जिवंत लसीत थोडे विषाणू पुरतात. मृत लसीत मात्र शरीराला जेवढे दाखवायचे तेवढे सगळे कारखान्यातच पिकवावे लागते. पोलिओचे थेंब स्वस्त आणि इंजेक्शन महाग, त्याचे हे मोठे कारण. इंजेक्शनचा तुटवडा पडू लागला तेव्हा भारताने पूर्ण ०.५ मिलिलिटरऐवजी ०.१ मिलिलिटर, म्हणजे पाचवा हिस्सा, स्नायूऐवजी दंडाच्या कातडीत द्यायला सुरुवात केली. कातडीत पहारेकरी पेशींची दाटी असल्याने थोड्या लसीत भागते. आता असे तीन डोस सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात देतात.

दोन्ही लसींची खरी तुलना पोलिओतच पाहायला मिळते, कारण एकाच रोगावर दोन्ही प्रकार साठ वर्षांहून अधिक काळ शेजारी शेजारी वापरात आहेत. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. मज्जातंतूंपर्यंत तो फार थोड्यांच्या बाबतीत पोहोचतो. साल्कची लस दंडात टोचली की रक्तात प्रतिपिंडे येतात आणि विषाणूची मज्जातंतूंकडची वाट बंद होते. मूल लुळे पडत नाही. आतड्याच्या अस्तरावर मात्र फारसा पहारा बसत नाही. आल्बर्ट साबिनची लस खऱ्या विषाणूच्याच वाटेने जाते. तोंडात दोन थेंब, आतड्यात वाढ, आणि पहारा बसतो तो नेमका तिथेच. तिची मोठी परीक्षा झाली ती शीतयुद्धाच्या ऐन काळात सोव्हिएत संघात. मिखाइल चुमाकोव्हच्या पुढाकाराने १९५९ मध्ये तिथे लाखो मुलांना ती दिली गेली, काहींना तर गोळी-चॉकलेटासारख्या कँडीतून. सुई नाही, सिरिंज नाही, प्रशिक्षित परिचारिकाही लागत नाही. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी एसटी स्टँडवर आणि रेल्वेच्या फलाटावर बूथ लावता आले ते केवळ यामुळे.

आतड्यातल्या पहाऱ्याचा फरक इस्रायलमध्ये २०१३ साली उघड झाला. त्या देशाने २००५ पासून थेंब बंद करून फक्त इंजेक्शन ठेवले होते आणि जवळपास सगळ्या मुलांना ते मिळत होते. तरी दक्षिणेकडच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ विषाणू सापडला आणि महिनोन्महिने सापडत राहिला. एकही मूल लुळे पडले नाही. इंजेक्शनने आपले काम चोख केले होते. पण मुलांच्या आतड्यांतून विषाणू बिनबोभाट फिरत होता. शेवटी सरकारने थेंब पुन्हा आणले. सांडपाण्यात विषाणू शोधण्याची ही रीत मुंबईला नवी नाही. परळला हाफकिन संस्थेच्याच आवारात असलेल्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्राने २००१ पासून शहराच्या सांडपाण्याचे नमुने तपासायला सुरुवात केली होती.

थेंबांनाही मर्यादा होत्या, आणि त्या भारतातच ठळकपणे दिसल्या. आतड्यात इतर विषाणूंची गर्दी असेल, जुलाब चालू असतील तर लसीच्या विषाणूला रुजायला जागा मिळत नाही. शिवाय लसीतले पोलिओचे तीन प्रकार एकमेकांशीच स्पर्धा करतात आणि त्यात दुसरा प्रकार बाकीच्या दोघांना मागे टाकतो. वेल्लोरच्या टी. जेकब जॉन यांनी भारतीय मुलांवर थेंबांचा परिणाम कमी होतो हे १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते. उत्तर प्रदेशात एका डोसाने पहिल्या प्रकारापासून संरक्षण मिळण्याचे प्रमाण जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास होते. दहा-दहा डोस घेतलेली मुलेही लुळी पडत. मग एकेका प्रकाराची आणि २०१० पासून दोन प्रकारांची लस वापरली गेली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आजारी पडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत ज्या विभागात मोडतो तो आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. पुढे वेल्लोर आणि मोरादाबादच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत एक गमतीची गोष्ट निघाली. आधी थेंब घेतलेल्या मुलाला नंतर मृत लसीचे इंजेक्शन दिले, की त्याच्या आतड्यातला पहारा आणखी एकदा थेंब देण्यापेक्षाही जास्त कडक होतो. एकटी असताना मृत लस आतड्याला शिकवू शकत नाही. जिवंत लसीने शिकवलेले ताजे मात्र करू शकते.

जिवंत लसीचा दोष तिच्या गुणातूनच निघतो. जो वाढतो तो बदलू शकतो. पोलिओ विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे साडेसात हजार अक्षरांचा असतो आणि साबिनच्या दुसऱ्या प्रकाराचा सौम्यपणा प्रामुख्याने त्यातल्या दोन अक्षरांवर उभा आहे. विषाणू आपली नक्कल करताना चुका करतो. त्यातली एखादी चूक जुने अक्षर परत आणते, आणि आतड्यात जुन्या अक्षराचा विषाणू जास्त जोमाने वाढतो. लस घेतलेल्या मुलाच्या विष्ठेत थोड्याच दिवसांत असे उलटलेले विषाणू सापडतात. मुलाला तोवर प्रतिकारशक्ती आलेली असल्याने बहुधा काही होत नाही. साधारण २७ लाख डोसांमागे एखादे मूल लसीच्याच विषाणूने लुळे पडते. दुसरा धोका गावाचा. लसीचा विषाणू शेजारच्या मुलांतही पसरतो. लसीकरण चांगले असले तर ही फुकटची लस ठरते. लसीकरण तोकडे असले तर तोच विषाणू एका मुलातून दुसऱ्यात जात वर्षभर फिरतो आणि जंगली विषाणूसारखा वागू लागतो. २००० साली हैती आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये अशी साथ ओळखली गेली.

दुसऱ्या प्रकाराचा शेवटचा जंगली रुग्ण १९९९ मध्ये अलीगढला सापडला होता. त्यानंतर जगात त्या प्रकाराने जो कुणी लुळा पडला, तो जवळपास नेहमी लसीतून निघालेल्या विषाणूनेच. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये जगभरातून एकाच वेळी दुसरा प्रकार थेंबांतून काढला गेला. भारतात हा बदल २५ एप्रिलला झाला. हिशेब बरोबर होता, अंमल सगळीकडे तितका बरोबर नव्हता. आफ्रिकेत अनेक ठिकाणी आधीच फिरत असलेल्या लसजन्य विषाणूने लस न मिळालेल्या नव्या पिढीत साथी घडवल्या. त्या विझवायला पुन्हा दुसऱ्या प्रकारचीच जिवंत लस लागली, म्हणजे आग विझवायला आणखी निखारे. ही कोंडी फोडण्यासाठी शास्त्रज्ञांनी साबिनच्या विषाणूचा मजकूर नव्याने लिहून असा विषाणू बनवला की ज्याला एका अक्षराच्या चुकीने मागे फिरता येत नाही. ही नवी लस मार्च २०२१ पासून वापरात आली.

वाढण्याच्या याच गुणामुळे जिवंत लस कुणाला द्यायची नाही हेही ठरते. ज्याची प्रतिकारशक्ती मुळातच ढासळलेली आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा जन्मतःच रोगप्रतिकारक पेशी नाहीत, त्याच्या शरीरात क्षीण जंतूही मोकाट वाढू शकतो. गरोदर स्त्रीला जिवंत लसी सहसा टाळतात. धनुर्वाताची लस मात्र आवर्जून देतात, कारण तिच्यात वाढणारे काहीच नाही. गोवर-रुबेलासाठी नऊ महिने थांबण्यामागेही हाच हिशेब आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि लसीतल्या गोवर विषाणूला वाढण्याआधीच गारद करतात. ती ओसरली की मग लस. मृत लसीला वाढायचेच नसल्याने आईच्या प्रतिपिंडांची इतकी अडचण होत नाही, आणि ती दीड महिन्याच्या बाळालाही देता येते. टोचायच्या दोन जिवंत लसी एक तर एकाच दिवशी देतात, नाहीतर मधे चार आठवडे जाऊ देतात. पहिलीने जागी केलेली सावधगिरी दुसरीला रुजू देत नाही. मृत लसींना हे बंधन नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसीच्या फ्रिजमध्येही दोन्ही कुळांचे स्वभाव वेगळे कळतात. पोलिओचे थेंब उष्णतेला सगळ्यात नाजूक. मोठ्या साठ्यांत ते उणे २० अंशांला गोठवून ठेवतात, आणि गोठण्याने त्यांचे काही बिघडत नाही. पेंटाव्हॅलंट मात्र एकदा गोठली की संपली. तिच्यातल्या अॅल्युमिनियमच्या कणांचे गठ्ठे होतात आणि वितळल्यावर कुपी हलवली तर ते भराभर तळाशी बसतात. परिचारिका तशी कुपी हलवून संशयित लस ओळखतात. कुपीवरच्या गोलातला चौकोन उष्णतेने गडद होत गेला की थेंब टाकून द्यायचे हे बहुतेक आशाताईंना ठाऊक असते. बीसीजी आणि गोवर-रुबेला कोरड्या भुकटीच्या रूपात येतात आणि टोचण्याआधी द्रावणात विरघळवतात. जंतुनाशक घातले तर लसीतला जिवंत जंतूच मरेल, म्हणून तेही त्यात नसते. बाहेरचे जंतू शिरले तर त्यांना अडवणारे काही नाही. म्हणून विरघळवलेली कुपी चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. गावात दोनच बाळे आली तरी अख्खी कुपी फोडावी लागते, हा जिवंत लसीचा न दिसणारा खर्च.

मृत लस म्हणजे निर्धोक, असा समजही पुरता खरा नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात हाफकिनची प्लेगची लस टोचलेले १९ जण दगावले ते धनुर्वाताने. प्लेगचे जंतू मेलेलेच होते, पण एका बाटलीत बाहेरचा जंतू शिरला होता. ‘कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने’ ही महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची धास्ती मृत लसीनेच निर्माण केली. हिमाचलातल्या कसौलीत डेव्हिड सेंपलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलेली ती लस म्हणजे मेंढीच्या मेंदूत वाढवून कार्बोलिक अॅसिडने मारलेला रेबीजचा विषाणू. विषाणू मेलेला, पण लसीत मेंदूचा अंश भरपूर. तो टोचल्यावर काही जणांचे शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटे आणि लुळेपणा येई. भारतात ही लस २००५ च्या सुमारास बंद झाली. आजची रेबीजची लस पेशींच्या पैदाशीत वाढवतात आणि दंडात किंवा कातडीत देतात.

मृत लसीचा आणखी एक धोका कारखान्याच्या भिंतीआड असतो. साल्कची लस करायची तर आधी जहाल जंगली विषाणू पिंपे भरून वाढवावा लागतो. पोलिओ जगातून हद्दपार झाल्यावरही तो कारखान्यात राहणार. नेदरलँड्समधल्या एका लसकारखान्यात २०१७ मध्ये सांडलेल्या विषाणूची एका कामगाराला लागण झाली. त्याने लस घेतलेली होती म्हणून तो बचावला, पण विषाणू त्याच्या विष्ठेतून बाहेर पडत होता. यावर सापडलेला तोडगा मजेशीर आहे. साल्क आणि साबिन यांचे हयातभर पटले नाही. आता काही कारखाने साबिनचा क्षीण विषाणू वाढवतात आणि तो साल्कच्या पद्धतीने फॉर्मलिनमध्ये मारतात. विषाणू चुकून बाहेर पडला तरी तो क्षीणच असतो. जपानने २०१२ मध्ये अशी लस मंजूर केली, पाठोपाठ चीनने केली. जंगली पोलिओ संपल्यावर थेंब थांबवून जगभर फक्त इंजेक्शन ठेवायचे ठरले आहे, आणि त्या इंजेक्शनांपैकी बरीच या जातीची असतील.